कड्यावरच्या लिलीचं एकुलतं रोप

मी एक रानलिली बोलतेय. माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगते.

उंच कड्याच्या फटीत माझा जन्म झाला. मूठभर माती, वरून झिरपणारं पाणी आणि आजूबाजूला माझी भावंडं. आमची फुलं लहान, पांढरी, मान खाली घातलेली; पण वास असा की वाटसरू थबकायचे. मग रस्त्यासाठी कडा फोडायला घेतला. पहिल्याच सुरुंगाला निम्मी भावंडं दरीत गेली. दोर बांधून एक मुलगी खाली उतरली आणि तिने मला कंदासकट काढलं. उरलेल्यांसाठी ती पुन्हा गेली, तर तिथे कडाच नव्हता.

ही मुलगी रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि आत्याकडे राहायची. आत्यांचा धंदा लिलींचाच. काचघरभर गुलाबी, ताटाएवढी फुलं! दिसायला राजबिंडी, पण दर हंगामात कंदांना बुरशी लागायची आणि रांगाच्या रांगा सडायच्या.

"हिला बुरशी शिवत नाही," भाची म्हणाली. "हिचा आणि तुझ्या गुलाबीचा संकर जमला तर?"

आत्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "हिचा? अगं, माझ्या कांद्यालासुद्धा हिच्यापेक्षा बरं फूल येतं."

पण जीव लावला तो आत्यांनीच. भाची परगावी गेली असताना, खिडकीत मला गार लागतंय म्हणून त्यांनी मला काचघरात, गुलाबीच्या शेजारी नेऊन ठेवलं. भाची परतली आणि दारातच ओरडली.

"आत्या! तुझ्या लिलींच्या अंगात विषाणू असतो. त्यांना तो पचतो, हिला नाही पचायचा."

"मला काय माहीत! बिचारी कुडकुडत होती गं."

तोवर व्हायचं ते झालं होतं. गुलाबीचा रस शोषणारा मावा, म्हणजे ते बारीक किडे, विषाणू घेऊन माझ्या पानांवर चढला होता. हळूहळू पानांवर पिवळे पट्टे उमटले, देठ वाकडा झाला. माझ्या कोंबाच्या टोकापासून निरोगी रोप करायची खटपट भाचीने केली, ती फसली.

"बियांत हा रोग सहसा उतरत नाही," ती म्हणाली. "तेवढीच आशा."

माझ्या अंगावर कळी एकच होती. स्वतःच्या परागाने मला बी धरत नाही, आणि माझ्या जातीचं दुसरं कुणी त्यांच्या पाहण्यात उरलं नव्हतं. उरली गुलाबी. तिचाही पराग माझ्या फुलातल्या, बीजकोशाकडे उतरणाऱ्या नळीत अर्ध्यावरच अडतो, म्हणून नळी कापून थेट कापावर तो लावायचा होता.

कळी उमलली. भाचीने ब्लेड हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"चुकलं तर दुसरी कळी नाही, आत्या."

"सरक बाजूला. मी कलमं बांधत म्हातारी झाले." आत्यांनी श्वास रोखला आणि एका फटक्यात नळी कापून कापावर गुलाबीचा पराग टेकवला.

बोंड धरलं. माझी पानं गळत होती, तरी अंगात होतं नव्हतं ते मी बोंडाला देत राहिले. ते अवेळीच सुकायला लागलं, तेव्हा भाचीने कच्चंच कापून आतल्या बियांमधले इवलेसे गर्भ बरण्यांत खुराकावर ठेवले. एकेक बरणी काळवंडत गेली. आत्या रोज विचारायच्या, "आज काय?" आणि भाची काळी पडलेली बरणी बाजूला काढायची. शेवटी एका बरणीत हिरवं टोक दिसलं.

ते रोप आता कुंडीत आहे, जाळी लावलेल्या वेगळ्या खोलीत. ते बुरशीला पुरून उरेल का, त्याला माझा वास येईल का, कुणालाच ठाऊक नाही. मला घोर आहे तो वेगळाच. रोग पसरू नये म्हणून आजारी झाड जाळायचं असतं, आणि आत्या मला जाळणं टाळताहेत. "उद्या बघू," म्हणतात.

आज सकाळी भाचीला माझ्या देठावर पंख फुटलेला मावा दिसला. "आत्या, आता नाही थांबता येणार."

आत्यांनी मला प्लास्टिकच्या थैलीत ठेवलं. थैली उचलून त्या वाटेत जाळीच्या खोलीपाशी थांबल्या. "एकदा दाखवते गं हिला."

मी आतल्या आत ओरडत होते, नको! एकच किडा पुरे आहे.

"आत्या, लांबूनच," भाची म्हणाली.

आत्यांचा दाराकडे गेलेला हात मागे आला. जाळीपलीकडे मला एक अरुंद, हिरवंगार पान दिसलं. त्यावर एकही पट्टा नव्हता.

आत्या, आता थैलीचं तोंड घट्ट बांधा.