तातडीची मीटिंग

"हाही वाळलाय," डॅरियस म्हणाला आणि तिसरा मार्कर फळ्याखालच्या पट्टीवर परत ठेवला. कचऱ्याच्या टोपलीत नाही, पट्टीवरच.

वेंडल क्रोगस्टाडला त्याचं नवल वाटलं नाही. मुलाखतीच्या खोल्यांतले वाळलेले मार्कर कुणी फेकत नाही. पुढचा माणूस ते उघडून बघतो आणि तोही परत ठेवतो. वेंडलने कोटाच्या खिशातून स्वतःच्या मार्करचं पाकीट काढलं. चार रंग, बारीक टोकाचे. बायकोने, मार्लिसने, कालच दुकानातून आणून दिले होते.

"वा, जय्यत तयारी!" डॅरियस हसला. तिशीही न गाठलेला पोरगा होता. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. "घाबरू नका, सोपा आहे. दिवसभरातल्या मीटिंगांची यादी आहे समजा. प्रत्येकीची सुरू व्हायची आणि संपायची वेळ दिलीय. कमीत कमी किती खोल्या लागतील, ते काढणारा प्रोग्राम लिहा."

वेंडलचा हात मार्करच्या टोपणावरच राहिला.

हा प्रश्न त्याला पाठ होता. आधीच्या कंपनीत त्याने वीस-बावीस वर्षं मुलाखती घेतल्या होत्या, आणि निम्म्या वेळा हाच प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षी त्याचा सगळा विभागच बंद झाला, तेव्हापासून तो टेबलाच्या या बाजूला आला होता.

मुलीने, इंग्रिडने, फोनवर बजावलं होतं. "बाबा, ओळखीचा प्रश्न आला तर गप्प राहायचं हं. जरा डोकं खाजवायचं, एकदा चुकल्यासारखं करायचं, मग सोडवायचा. सगळे तेच करतात."

"आणि सांगून टाकलं तर?"

"तर ते तुम्हाला प्रामाणिक म्हणतील आणि दुसरा अवघड प्रश्न देतील. तुम्हाला नोकरी हवीय की प्रशस्तिपत्रक?"

नोकरीच हवी होती. ही मिळाली नाही तर घर विकून याकिमाला मार्लिसच्या बहिणीकडे जायचं ठरलं होतं, तिच्या सफरचंदांच्या बागेलगतच्या दोन खोल्यांत. मार्लिसने रिकामी खोकी आणून गॅरेजमध्ये भिंतीशी रचून ठेवली होती, चपटी, घडी घातलेली. "मुलाखत होईपर्यंत जोडू नकोस," तो म्हणाला होता. "बरं," ती म्हणाली होती. फोनवरच्या चाळणीतून पार होऊन कुणी प्रत्यक्ष बोलावल्याची वर्षभरातली ही पहिलीच वेळ होती. साठीला टेकलेल्या माणसाला ती पुन्हा येईल असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

"हा मला माहीत आहे," वेंडल म्हणाला.

त्यात काही मोठेपणा नव्हता. शिंक यावी तसं ते बाहेर पडलं. प्रश्न आधी पाहिलेला असेल तर सांगा, असं तो स्वतःच प्रत्येक उमेदवाराला सुरुवातीला सांगत आला होता.

"अरे," डॅरियस म्हणाला. "बरं झालं सांगितलंत." एका किल्लीने कुलूप उघडलं नाही की माणसाचा होतो तसा त्याचा चेहरा झाला. लॅपटॉपमध्ये त्याने बराच वेळ शोधलं. "मग हा घ्या. शहराचा नकाशा आहे. बर्फ काढणारी गाडी प्रत्येक रस्त्यावरून एकदाच गेली पाहिजे आणि निघाली तिथे परत आली पाहिजे. जमेल की नाही, कसं ठरवाल?"

वेंडलने निळ्या मार्करने चौक काढले, काळ्याने रस्ते जोडले. नकाशा सुरेख आला. मग पुढे काही सुचेना. चौकात किती रस्ते येऊन मिळतात याचा काहीतरी साधा नियम होता. कॉलेजात शिकलेला, जिभेवर होता. तो बोलत राहिला, कारण अशा वेळी बोलत राहायचं असतं. डॅरियस टाइप करत होता. उमेदवार बोलेल ते सगळं टिपून घेतात. वेंडलनेही घेतलं होतं. आणि नकार मनाशी पक्का झाला की बोटं आपसूक थांबतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आता या चौकात तीन रस्ते येतात," वेंडल म्हणाला, "म्हणजे गाडी आत शिरली की..."

टकटक थांबली.

त्याने वाक्य पुरं केलं. त्यानंतरचंही केलं. दाताच्या डॉक्टरने हिरडी बधिर केल्यावर होतं तसं वाटत होतं. काहीतरी ओढलं जातंय एवढं कळत होतं, दुखत नव्हतं.

"तुम्हाला मला काही विचारायचंय?" शेवटी डॅरियसने विचारलं.

"इथे जेवण कसं असतं?"

"फुकट असतं."

दोघंही हसले.

दुसरी फेरी एका बाईंनी घेतली. ती कशी झाली हे त्याला नंतर आठवलं नाही. मग लुईस नावाच्या माणसाबरोबर जेवायला पाठवलं. जेवायला सोबत देतात तो गुण देत नाही, असं सांगतात. लुईसने सूप संपेपर्यंत मासेमारीच्या गोष्टी सांगितल्या. उमेदवारांना खोल्याखोल्यांतून फिरवणारी टेसा टेबलाकडे येताना दिसली तशी त्याने ताट उचललं आणि "भेटू, सर," म्हणत निघून गेला. हातातला पाव अर्धाच खाल्लेला होता.

टेसा नवीन होती. सकाळी तिनेच सांगितलं होतं, पहिलाच महिना आहे म्हणून. ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"वेंडल, ते काय झालंय... दुपारच्या फेऱ्या घेणार होते ना ते लोक, त्यांना एकदम... म्हणजे..."

तिचा गळा लाल झाला.

"तातडीची मीटिंग?" वेंडल म्हणाला.

"हो!" ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"याच सुमाराला येते ती."

सकाळी जो कसोटीला उतरला नाही, त्याच्यावर दुपार खर्च करायची नाही. पण तसं तोंडावर म्हणायचं नाही, म्हणून ही मीटिंग. त्याच्या कंपनीतही होती. सगळ्या कंपन्यांत वर्षानुवर्षं ती एकच मीटिंग चालू असावी.

"आम्ही कळवूच तुम्हाला," टेसा म्हणाली. तिला आता मोकळं वाटत होतं. दाराशी आल्यावर ती थबकली. "अय्या, तुमचे मार्कर! खोलीतच राहिले. थांबा, पळत जाऊन आणते."

"राहू देत."

"नवे होते हो!"

"पुढच्याला लागतील. फक्त ते वाळलेले तेवढे टोपलीत टाक."

"टाकते," ती म्हणाली. टाकेलही कदाचित.

घरी मार्लिस बटाटे सोलत होती. तिने मागे वळून पाहिलं, मग घड्याळाकडे.

"इतक्यात?"

"दुपारच्या लोकांना तातडीची मीटिंग आली."

सुरी थांबली.

याच टेबलाशी बसून, कामावरून आल्यावर, तो तिला इतकी वर्षं सांगत आला होता, "आज एकाला मीटिंग दिली." घरात तो शब्दच रुळला होता. ती दर वेळी विचारायची, "कोण होता रे? घरी कोण कोण आहे त्याच्या?" त्याला ते कधीच माहीत नसायचं.

आज तिने काही विचारलं नाही. सुरी पुन्हा चालू झाली.

"जेवलास?"

"हो. सूप बरं होतं."

तिने उरलेला बटाटा सोलला, हात पुसले आणि जवळ येऊन त्याच्या कोटावरची नाव लिहिलेली चिठ्ठी नखाने सोडवली. बोटांत तिची गोळी केली.

"आणि मार्कर?"

"तिथेच ठेवले. त्यांचे वाळलेले होते."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि मधलं दार उघडून गॅरेजमध्ये गेली.

तो टेबलाशी बसून राहिला. थोड्या वेळाने पलीकडून चिकटपट्टी ओढल्याचा लांब, खरखरीत आवाज आला. मग पुठ्ठा घसरल्याचा. मग पुन्हा चिकटपट्टीचा, आणि तिचं स्वतःशीच चुकचुकणं.

वेंडल उठला. त्याने कोट खुंटीला लावला, बाह्या वर सारल्या आणि तिकडे गेला. खोक्याचा तळ चिकटवताना दोन्ही बाजू धरायला दुसरं माणूस लागतं.