दहावर चिकटलेलं बटण

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. अंगानं इतकी सडपातळ, की भिंतीवरच्या कॅलेंडरमागेही झाकली जाईन. मित्रांनो, माझ्या पोटावर पेन्सिलीची एक रेघ दिसेल तुम्हाला. तिथून मला कापायचं ठरलं होतं.

माझं लाकूड कुठल्या झाडाचं, हे मला कोणी सांगितलं नाही. कळायला लागलं तेव्हापासून मी विश्रांतवाडीच्या सुदर्शनरावांच्या गळ्यात होते. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. एप्रिल आला की आम्हाला उसंत नसे, आज या वस्तीत तर उद्या त्या चौकात. स्टेजवर ढोलकी, बेंजो, कीबोर्ड आणि सुदर्शनरावांच्या कानाशी माणसाएवढा स्पीकर. त्या गदारोळात माझा आवाज सुईसारखा टोकदारच हवा. माझ्या अंगावर टोनचं एक बटण आहे. दहावर नेलं की आवाज तिखट, खाली आणलं की मऊ. वाजवताना मनगटाचा धक्का लागून ते घसरायचं. एका जयंतीला ऐन गाण्यात मी अशी मऊ पडले, की गायक मागे वळून बघायला लागला. घरी येताच सुदर्शनरावांनी फेविक्विकची नळी फोडली आणि बटण दहावर चिकटवून टाकलं. त्यानंतर मांडवाच्या शेवटच्या रांगेतूनही "वाजव रे गिटार!" अशी आरोळी यायची. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून यायचा.

पुढे पार्टी मोडली. मी कपाटावर गेले, तारा गंजल्या. मला खाली उतरवलं ते त्यांच्या लेकीनं, अपेक्षानं. तिला वेड जॅझचं. त्या संगीतात गिटारनं कसं बोलायचं, तर उबदार आणि हलक्या आवाजात, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं. आणि माझा तर घसा बांधलेला!

काय काय नाही केलं पोरीनं! जाड, गुळगुळीत तारा आणल्या. प्लास्टिकची नखी टाकून नुसत्या अंगठ्यानं वाजवलं. तारांखाली स्पंज कोंबला. मी गुदमरले, पण तिखटपणा जाईना. टोनचं बटणही तिनं फिरवून पाहिलं. ते हललं नाही, तेव्हा गंजून मेलं असणार असं तिनं धरलं. मित्रांनो, त्या क्षणी मी जिवाच्या आकांतानं ओरडले असते. पण कोणी छेडल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही, आणि छेडलं तरी सांगता येत नाही.

"पप्पा, आवाज किती टोचतोय ना?" ती विचारायची.

"कुठं टोचतोय? गोड तर वाजतंय," सुदर्शनराव म्हणायचे.

"माझं मन राखायला काहीही बोलता तुम्ही!" म्हणून ती दार आपटून आत जायची.

शेवटची आशा होती ती ऋतुजाच्या जॅझ ग्रुपची. याआधी दोन ग्रुपनी अपेक्षाला परत पाठवलं होतं. ऋतुजानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोटं छान आहेत हो तुमची. आवाज मात्र स्टीलच्या ताटावर चमचा पडल्यासारखा. रविवारी पोकळ पोटाची, मऊ आवाजाची गिटार घेऊन या. नाही जमलं तर येण्याचा त्रास घेऊ नका, दुसरा मुलगा तयार आहे."

त्या संध्याकाळी अपेक्षा माझ्या मानेवर डोकं टेकून रडली. पोकळ गिटार आवाक्याबाहेरची. मग तिच्या मनानं घेतलं, की हिलाच पोखरून पोकळ करायची. दोन बोटं जाडीची मी, पोखरल्यावर उरणार काय? तारांच्या ताणानंच मी मधोमध मोडले असते. मला मरण दिसत होतं आणि ती मला प्रेमानं पुसत होती.

सुदर्शनरावांचे मित्र मच्छिंद्र फर्निचर करत. त्यांच्या वर्कशॉपात मला पालथी-उताणी करून पेन्सिलीनं रेघ मारली. ड्रिलला पातं बसलं. आधी बटणं काढायला हवीत म्हणून त्यांनी एकेक उपटलं. टोनचं निघेना.

"सुदर्शनराव, हे कुणी चिकटवलंय?"

"मीच. घसरायचं सारखं. जयंतीत आवाज दबायचा."

अपेक्षा उठून उभी राहिली. "चिकटवलंय? म्हणजे ते बिघडलेलं नाही? पप्पा, सांगितलं का नाही मला?"

"तू विचारलंस कधी?"

ती धावत जाऊन नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन आली. कापसानं चोळता चोळता माझा रंग उडाला, आग आग झाली, आणि बटण कुरकुरत फिरलं. कापल्यावर वाजवून बघायला आणलेला छोटा अँप्लिफायर तिनं जोडला, बटण खाली आणलं आणि अंगठा तारेवर ठेवला. मला माझाच आवाज ओळखू येईना! मच्छिंद्रांनी ड्रिल खाली ठेवलं. अपेक्षा हसत होती, रडत होती.

"पप्पा, बघा ना!"

"छान आहे. पण वेगळं काय झालं?"

तिनं बटण दहावर नेलं. "आता?" खाली आणलं. "आणि आता?"

"तेच तर आहे. गोड."

तिला आता उमगलं. स्टेजवरच्या त्या माणसाएवढ्या स्पीकरनं त्यांच्या कानांना तिखट आवाज ऐकू येणंच केव्हाच संपवलं होतं. ते तिचं मन राखत नव्हते. त्यांना खरंच तसं ऐकू येत होतं.

ऋतुजानं तिला ग्रुपमध्ये घेतलं. पहिल्या कार्यक्रमाला सुदर्शनराव इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. आम्ही हळुवार वाजवलं, इतकं हळुवार की लोक श्वास रोखून बसले. संपलं तेव्हा सुदर्शनराव आधी डावीकडे बघू लागले, मग उजवीकडे. शेजारच्यांचे हात हलताना दिसले, तेव्हा कुठं त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अपेक्षानं ते पाहिलं. मीही पाहिलं.

मित्रांनो, वाद्यं पुसून ठेवा, कापण्याआधी घरात विचारा, हे सगळं कराच. पण मोठ्या स्पीकरशेजारी उभं राहून कोणी तुमच्यासाठी वाजवत असेल, तर आधी त्याच्या कानांची काळजी घ्या. माझी तार तुटली तर बुधवार पेठेत नवी मिळते.