आत्याबाईची आधीची गोष्ट

कपडे शिवणाऱ्या मावशीला वाचायला फुरसत कधीच नव्हती. मावशी ती नावापुरती. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी तिला तसं म्हणायची, तेही अगदीच नाइलाज झाला तर. बाराव्या वर्षी त्या मुलीच्या हाती जुलमी राजवटीवरची एक कादंबरीमाला लागली आणि कोंडी फुटली. मशीन चालू असलं की मुलगी गप्प. हातशिलाई सुरू झाली की मोठ्यानं वाचायची. चार जाडजूड पुस्तकांचा दोघींनी असा फडशा पाडला. मावशीचा जीव होता त्यातल्या आत्याबाईवर. परक्याची पोर माळ्यावर लपवून वाढवणारी, तोंडाची फटकळ बाई.

आता नोकरीला लागलेली मुलगी सुट्टीवर आली, ती आत्याबाईच्या तरुणपणाचं नवंकोरं पुस्तक घेऊनच. मावशीनं मुद्दाम हातशिलाईची कामं साठवून ठेवली होती. वाचन असं रंगलं की आत्याबाईनं शिपायांना चकवल्यावर मावशीनं हसता हसता बोटात सुई टोचून घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेली आणि मावशीला काही दम निघेना. तिनं खुणेचं पान उघडलं. चकवाबिकवा काही नव्हता. मागेपुढे नुसती रटाळ भाषणं, आणि आत्याबाई चक्क फितूर! माळ्यावरच्या त्या पोरीच्या आईबापांना तिनंच पकडून दिलं होतं. मावशीला रडूच आलं. इतकी वर्षं जिला डोक्यावर घेतलं, ती अशी? मग तिच्या लक्षात आलं: मधूनमधून मशीन घरघरत असताना ही कार्टी पुढचं मनात वाचून घेत होती आणि मशीन थांबलं की पदरचं सांगत होती.

मुलगी बाहेर आली तेव्हा पुस्तक मावशीच्या मांडीवर उघडं होतं.

"पार वाट लावलीय गं लेखकानं," मुलगी म्हणाली. "मीच इतकी हिरमुसले. तुला कोणत्या तोंडानं वाचून दाखवणार?"

"म्हणून एवढ्या थापा?"

"थापा कसल्या? दुसऱ्याची पोर वाढवणारी बाई कशी असते, हे त्याला माहीत नाही. मला माहितीये."

एवढं सुख पदरात पडलं, त्याबद्दल आभार कोणाचे मानायचे ते मावशीला सुचेना. शेवटी तिनं पुस्तकाची वाट लावणाऱ्या त्या लेखकाचेच मनातल्या मनात मानून टाकले.