आषाढ माझा आहे

मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला तुम्ही बसलात, यानेच मला जरा अवघडल्यासारखे होते. जमिनीकडे लोक बघतात ते पाय घसरू नये म्हणून. तिला काही सांगायचे असेल, असे कुणाच्या मनात येत नाही. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे.

मी जमीन आहे. लाल कोबा. बंगळूरच्या दक्षिण टोकाला, जिथे तेव्हा गाव संपून नाचणीची शेते सुरू होत, तिथल्या एका कौलारू हॉलमध्ये मी पसरलो आहे. दारावर 'कल्याण मंटप' अशी पाटी आहे. इकडे लग्नाच्या कार्यालयाला तसे म्हणतात. पाटीविषयी माझी तक्रार नाही. पण मी लग्नांसाठी जन्मलो नाही. मी चाकांसाठी जन्मलो. हे बोलायला मला पुष्कळ वर्षे लागली, म्हणून आता मी ते दोनदा सांगतो. मी चाकांसाठी जन्मलो.

माझे मालक बिंदुमाधव. घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी बोलणाऱ्या जुन्या कुटुंबातले, एका सरकारी कारखान्यात नकाशे काढणारे, चार माणसांत तोंड न उघडणारे गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांची मुलगीसुद्धा. तरुणपणी ते एकदा दंडूत गेले होते. गोऱ्या पलटणींच्या वस्तीला इथले जुने लोक दंडू म्हणत. तिथे एका हॉलच्या खिडकीतून त्यांनी पाहिले, की सोजीर पायांना चाके बांधून जमिनीवरून वाहत्या पाण्यासारखे जात आहेत. पहारेकऱ्याने त्यांना हाकलले. ते दुसऱ्या खिडकीशी गेले. तिथूनही हाकलले. भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते घरी आले आणि त्यांनी त्या हॉलचा नकाशा काढून ठेवला.

सन एकोणीसशे बावन्नच्या उन्हाळ्यात, वडिलोपार्जित जागेवर, त्या नकाशावरून मी तयार झालो. दाराशी पहारेकरी नसेल, एवढी एकच गोष्ट अण्णांनी नकाशात बदलली होती.

मला घातले निपाणीकडच्या यल्लाप्पा मेस्त्रीने, आणि घोटले त्याच्या बायकोने, गंगव्वाने. सांधा पडला तर चाक अडकेल, म्हणून सगळी जमीन एका दमात घालायची होती. यल्लाप्पाची माणसे पहाटे लागली ती दिवे लागेपर्यंत उठली नाहीत. मग गंगव्वा आणि तिच्या सोबतिणी नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी मला दिवसचे दिवस घाशीत बसल्या. त्यांचे तळवे माझ्या रंगाचे झाले. शेवटी तेलाचा हात फिरवायचा तर अण्णांनी नको म्हटले, पोरे घसरतील म्हणून. गंगव्वाला ते पटले नाही. तेल न लावलेली जमीन म्हणजे अंघोळ न घातलेले पोर, असे ती महिनाभर सांगत फिरली.

पण मित्रांनो, तेलाशिवायही मी चमकत होतो. कौलातली काच माझ्यात चंद्रासारखी दिसे. स्वतःची स्तुती करणे मला जमत नाही, तरी हे खरे आहे, म्हणून सांगितले.

पहिल्या वर्षी माझ्यावर सगळे पडले. कारखान्यातले साहेब पडले, त्यांचा शिपाई पडला, शाळेचे हेडमास्तर धोतरासकट पडले आणि उठताना दुसऱ्यांदा पडले. मी कुणाची जात विचारली नाही आणि कुणाचा हुद्दाही. कठड्याला धरून एक फेरी पूर्ण करणारा माणूस दाराशी येई तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असे. लोखंडी चाकांचा माझ्यावर एक घर्र असा आवाज होई. शेजारचे म्हणत, दिवसभर कुणीतरी दळण दळते आहे. मला मात्र तो माझाच श्वास वाटे.

सगळ्यांत चांगली फिरे ती अण्णांची मुलगी, हेमलता. परकर खोचून ती कठडा न धरता निघे. मुलीच्या जातीने असे उधळू नये, असे बायका आपसात म्हणत. ती त्यांच्याच समोरून उलटी फिरत जाई आणि हात जोडून नमस्कार करी. तिला आवरायला कुणी पुढे आले नाही, कारण पुढे यायचे तर स्केट बांधावे लागले असते.

अण्णाही रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, एक फेरी मारत. एकच. बेताने, छत्री काखेत धरून. ती छत्री का, हे मला कधी कळले नाही.

आता मी त्या खंडेनवमीकडे येतो. इथे त्या दिवशी हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात, त्याला आयुधपूजा म्हणतात. मोटार असो की सायकल, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि चाक त्यावरून न्यायचे, म्हणजे वर्षभर अपघात होत नाही. सन सत्तावन्नमध्ये दोन मुलांचे हात मोडले होते. अण्णा घाबरले होते. त्यांनी ठरवले, की या वर्षी पूजा नीट करायची. सगळे स्केट त्यांनी माझ्यावर ओळींनी मांडले, कुंकू लावले, शेवंती वाहिली. दुसऱ्या कुणी एका जोडाला एक लिंबू ठेवले असते. अण्णांचे मन मानेना. एखादे चाक उपाशी राहिले आणि त्याच चाकावरून मूल पडले तर? म्हणून चाकागणिक लिंबू. त्या छोट्या चाकांखाली अख्खे लिंबू मावेना, तेव्हा अर्ध्या फोडी केल्या आणि चिरलेली बाजू माझ्याकडे करून ठेवल्या. मग मुलांनी वरून दाबून त्या चिरडल्या. पूजलेली हत्यारे दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात. तो रस माझ्यावर रात्रभर तसाच राहिला.

कोबा आंबट सोसत नाही, मित्रांनो. दसऱ्याला स्केट उचलले तेव्हा माझ्यावर ओळीच्या ओळी पांढुरके डाग उठले होते. जणू मला देवी आल्या होत्या.

गंगव्वाने राख घासली, विटकरीची भुकटी घासली, शेवटी तेलही लावून पाहिले. अण्णा तिच्यामागे हात बांधून उभे होते.

"जात न्हाई अण्णा," ती म्हणाली. "आता ह्यो त्याचाच रंग समजायचा."

डाग नुसते दिसायचे असते तर गोष्ट वेगळी. तिथे मी खडबडीत झालो होतो. वेगाने येणारे चाक तिथे अडे आणि माणूस पुढे फेकला जाई. अपघात टळावा म्हणून केलेल्या पूजेनेच अपघात वाढले. हळूहळू लोक येईनासे झाले. अण्णांनी त्या दिवसापासून स्केट बांधले नाहीत. दारापर्यंत येत, माझ्याकडे पाहत आणि परत जात. मला त्यांना सांगायचे होते, की मला दुखले नाही. ते खरे नव्हते, पण मी सांगितले असते.

हेमलता मात्र येत राहिली. डाग कुठे आहेत हे तिच्या पायांना पाठ झाले. त्या ओळींतून ती अशी वळत जाई, की पाहणाऱ्याला वाटावे, डाग तिच्यासाठीच मुद्दाम घातले आहेत. डागांच्या दोन ओळींमधून चाक न अडता जाणे हा मुलांचा खेळच झाला, आणि गेलेल्यांपैकी काही पोरे त्यासाठी परत आली.

पण तोवर गुरुराजमामा आले होते. हे हेमलताचे सख्खे मामा, पंचांग खिशात घेऊन फिरणारे, व्यवहारी आणि मनाने वाईट नसलेले. त्यांनी माझ्यावरून बूट घालून एक चक्कर मारली आणि अण्णांना म्हणाले, "भावजी, ही जमीन उकरून टाका. मोझेक घालू आणि कल्याण मंटप करू. पोरं पडायची थांबतील, लग्नं काही थांबत नाहीत."

अण्णा दारातून माझ्या डागांकडे पाहत राहिले. त्यांच्या गप्प राहण्यात होकार होता, हे मला कळले. उकरून टाकले की डाग जातील, असे त्यांना वाटले असावे.

हेमलता कठड्यावर बसून स्केटचा पट्टा सोडत होती. तिने विचारले, "मामा, आषाढात किती लग्नं होतात?"

"आषाढात कोण लग्न करतं गं?"

"आणि पितृपक्षात?"

"वेडी का काय तू?"

"आणि धनुर्मासात?"

मामांनी पंचांगाच्या खिशावर हात ठेवला. बोलणे कुठे चालले आहे, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते.

"बाकी सगळं वर्ष तुम्ही घ्या," हेमलता म्हणाली. "जे दिवस कुणालाच नकोत, ते मला द्या. आणि कोबा फोडायचा नाही. मोझेकवर चाक धरत नाही."

मामा हसले. रिकाम्या दिवसांत हॉल पडूनच राहणार होता. "सरी," ते म्हणाले, कानडीत म्हणजे बरे. "अशुभाची मालकीण हो तू."

हे नाव तिला चिकटले. मलाही ते आवडले. त्यानंतर साऱ्या शुभ दिवसांत माझ्यावर जमखाना अंथरला जाई, डाग झाकले जात, आणि वधूवरांवर अक्षता पडत. पंक्ती उठत तेव्हा सांडलेले आंबट सार मला थोडे आणखी खाई. मग आषाढ लागे. नवरा-बायकोनेही एका घरात राहू नये, म्हणून नव्या सुनांना माहेरी पाठवतात, असा तो महिना. कुणी घर बदलत नाही, कुणी भूमिपूजन करत नाही. आणि त्या महिन्यात माझा जमखाना गुंडाळला जाई आणि पोरांची झुंबड दारात उभी असे. माहेरी आलेल्या सुनासुद्धा येत. लोकांनी ज्या महिन्याला पाठ दाखवली, तो माझा सणाचा महिना झाला.

हेमलताचे लग्नही माझ्यावरच लागले. सासर मल्लेश्वरमला, नवरा हयवदन. पहिल्या आषाढात तिला माहेरी धाडले, ती दुसऱ्याच दिवशी स्केट घेऊन हजर. आठवड्याने हयवदनराव बायकोला भेटायला चोरून आले. घरी भेटणे बरे दिसत नव्हते, म्हणून इथे आले. फार वाईट पडले. पण पुन्हा आले.

मग सन एकोणसत्तर उजाडले. गावात नवीन, चकचकीत मंटप झाले होते आणि गुरुराजमामांना माझी लाज वाटू लागली होती. काम करायला हॉल रिकामा कधी मिळतो? आषाढात. मामांनी आमचाच महिना निवडला. मोझेकच्या खड्यांची पोती दारात येऊन पडली आणि पहारी घेऊन माणसे आली. त्यांचा मेस्त्री यल्लाप्पा होता. केस पांढरे झालेला, मला घालणारा तोच यल्लाप्पा.

हेमलताने वाद घातला नाही. तिने सकाळीच स्केट बांधले आणि मुलांना घेऊन फिरू लागली. यल्लाप्पाची माणसे पायरीवर बसून पाहत राहिली. दुपारी मामा आले आणि चिडले.

"हेमू, काढ ते स्केट. हे काही तुझं परकराचं वय नाही."

"मामा, शब्द तुम्ही दिला होता."

"शब्द दिला तो भावजींच्या जागेबद्दल. त्यांनाच विचारू की."

अण्णांना आणले गेले. आता त्यांना काठी लागत होती. ते दाराशी येऊन थांबले, जमखाना नसला की गेली बारा वर्षे थांबत तिथेच. मामांनी त्यांना समजावले, की एकदा हो म्हणा, डाग कायमचे जातील. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ते मान हलवतील, आणि मी मनाची तयारी केली. खोटे कशाला सांगू, तयारी होत नव्हती. मला फुटायचे नव्हते. डागांसकट मला इथेच, असेच राहायचे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा संकोच वाटला नाही.

तेवढ्यात हेमलता डागांच्या ओळींतून वळत, चाक कुठेही न अडवता त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"अण्णा, एवढी वर्षं मी यांच्यामधून फिरतेय. या डागांनीच मला वळायला शिकवलं," ती म्हणाली. "तुम्हाला ते एकदाही दाखवता आलं नाही."

अण्णांनी उंबरठा ओलांडला. मग ते कठड्याजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी चपला काढल्या. हेमलताने खाली बसून त्यांच्या पायांना स्केट बांधले. काठी तिथेच राहिली. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मुलीचा दंड धरून ते निघाले. पहिल्या डागावर चाक अडले. ते थरथरले, थांबले, आणि पुढे गेले. तो भार मी ओळखला. बारा वर्षांत तो हलका झाला होता.

यल्लाप्पा पहार टेकून उभा होता. त्याने हाक दिली, "अण्णा, फोडायचं का न्हाई, तेवढं सांगा. मानसं खोळंबल्यात."

अण्णांनी मागे वळून पाहिले नाही.

"स्वल्प थांब, यल्लाप्पा," ते म्हणाले. "माझी एक फेरी राहिली आहे."

मित्रांनो, ती फेरी त्यांनी त्या दिवशी अर्ध्यावर सोडली. मुद्दाम. उरलेली उद्या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी थोडी पुढे गेली आणि पुन्हा उरली. अशी करत त्यांनी तो आषाढ संपवला. श्रावण लागला, इकडे श्रावणात लग्ने चालतात, त्यामुळे मुहूर्त निघाले, आणि मामांना पोती उचलावी लागली. जाताना यल्लाप्पाने वाकून माझ्यावरून हात फिरवला आणि कुणाला दिसू नये असा हसला.

पुन्हा पोती येतील, हे मला ठाऊक आहे. येऊ देत. तुम्हाला माझी एवढीच विनंती, की कुठे डाग पडलेली जुनी वस्तू दिसली, तर ती झाकायच्या आणि फोडायच्या आधी तिच्यावरून एकदा चालून पाहा. आणि आषाढात करण्यासारखे काही नसेल, तर माझ्याकडे या. पडलात तरी चालेल. माझ्यावर सगळे पडले आहेत.

अण्णांची फेरी अजून पुरी झालेली नाही.