पान एकेचाळीस

योगेशचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. मे महिना होता, जबलपूरला अधारतालच्या घरापुढे मांडव पडला होता आणि शकुआत्या नवरदेवाच्या गालाला हळद चोळत होती.

"आत्या, हात आहे का भेडाघाटचा दगड?" योगेश ओरडला. "किती गुळगुळीत!"

"चाळीस वर्सं बिडी वळली, बाबू. रेघा सगळ्या कारखान्यात जमा झाल्या."

बाया खो खो हसल्या. हसली नाही ती योगेशची थोरली बहीण मोनाली. तिने आत्याचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मग कंट्रोलमध्ये रेशन घेताना मशीनवर बोट लागतं का तुझं?"

"नाही लागत. दुकानवाला श्यामसुंदर आपलं लावते. काहून वं?"

"काही नाही," मोनाली म्हणाली. पण ती नजर आईने ओळखली. "लग्नघरात तरी नोकरी बाजूला ठेव, मोने," पुष्पाबाई म्हणाल्या.

मोनालीची नोकरी सांगायला सोपी नव्हती. दिल्लीतल्या एका संस्थेत ती इंटरनेटच्या कायद्यांचा अभ्यास करायची. माणसाची माहिती कोणी घ्यावी, कशासाठी घ्यावी, त्याला विचारून घ्यावी की न विचारता, हा तिचा विषय. पीएचडीचा प्रबंधही संमतीवरच होता. बाप बळीराम मेन रोडवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. पोरगी काय करते असं कोणी विचारलं, की तो हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "सरकारला नियम समजावून सांगते."

लग्न उरकल्यावर आत्याला गावी सोडायला मोनालीच गेली. गाव कुंडमच्या पुढे, जंगलाच्या कडेला. आत्याचा नवरा वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होता, तो जाऊन बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक शेळी आणि कंट्रोलचं धान्य, एवढ्यावर तिचं ठीक चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी कंट्रोलच्या दुकानात गेल्या. आत्याने मशीनवर बोट ठेवलं. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवलं. लाल.

"तीन बार लगाओ अम्मा, चौथी बार मैं लगाता हूँ," श्यामसुंदर म्हणाला. चौथ्यांदा त्याने स्वतःचं बोट टेकवलं, दिवा हिरवा झाला आणि गहू तराजूवर चढला.

"ऐसे कितने लोग हैं, भैया?" मोनालीने विचारलं.

"तीस-पैंतीस. सब बीड़ीवाली. सरकारनेच सोय दिली है दीदी, मशीन में बटन है." आत्याशी बोलून बोलून तो अर्धं मराठी शिकला होता, जबलपुरातली मराठी माणसं बोलतात तसं.

मोनालीने वहीत लिहून घेतलं.

तिचा अहवाल पुढच्या वर्षी मार्चमध्ये निघाला. पाच राज्यं, एकशे दहा दुकानं. पान एकेचाळीसवर कुंडम तहसिलीतल्या एका दुकानाची हकीकत होती. आत्याचं नाव बदललं होतं, गावाचं नाव घातलंच नव्हतं. खाली एक वाक्य होतं: दुकानदार स्वतःच्या बोटावर धान्य देऊ शकतो, या सोयीचा गैरवापर होऊ शकतो आणि ती तपासली जावी. वाक्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दोन ठिकाणी तिने असा गैरवापर डोळ्यांनी पाहिला होता.

अहवाल गाजला. परदेशातल्या मोठ्या परिषदेत तिला तीन मिनिटं बोलायला मिळाली. बळीरामने ती तीन मिनिटं फोनवर इतक्यांदा दाखवली की गिऱ्हाइकं मोटार टाकून पळू लागली.

नोव्हेंबरात आत्याचा फोन आला. आत्या आपणहून फोन करत नसे.

"मोने, तुले हे मशीनचं समजते ना? दिवाळीपासून गहू नाही भेटून राहिला. श्यामसुंदर म्हणते, बटन बंद केलं. वरून कागद आला म्हणते."

मोनालीने श्यामसुंदरकडून त्या कागदाचा फोटो मागवला. दोन पानांचा आदेश. दुसऱ्या पानावर तिचं वाक्य होतं, हिंदीत उतरवलेलं, पण शब्दाला शब्द. "तपासली जावी" तेवढं गाळलं होतं आणि तिथे "बंद करण्यात येत आहे" आलं होतं.

ती तशीच उठून अनुपम सरांकडे गेली. सर संस्थेचे प्रमुख, मूळचे जबलपूरचेच, राइट टाउनमधल्या जुन्या मराठी घरातले. त्यांनीच तिला इथे आणलं होतं.

"आजच पत्र पाठवू या, सर. आपल्या वाक्याचा चुकीचा अर्थ लावलाय म्हणून."

सरांनी आदेश दोनदा वाचला. "पाठवू. पण या महिन्यात नको. केंद्राच्या रेशन समितीची नावं ठरतायत, तुझं नाव आहे त्यात. आत्ता आपलाच अहवाल आपण खोडून काढला तर ते नाव जाईल. आणि समितीत गेलीस की एक आत्याच काय, सगळ्यांचं बटन सुरू करशील."

बोलणं खोटं नव्हतं. मोनाली थांबली. अठरा दिवस थांबली. यादीत नाव आलं, त्या संध्याकाळी तिने पत्र पाठवलं. पोच आली: योग्य त्या विभागाकडे अग्रेषित.

मधल्या काळात बळीरामने योगेशच्या हाती गव्हाचं पोतं धाडलं. आत्याने योगेशला जेवू घातलं आणि पोतं परत त्याच्या गाडीला बांधलं. तिचा जुना नेम होता, भावाच्या घरी सणाला जायचं, भाऊबीजेला लुगडं घ्यायचं, पण पोटासाठी भावाकडे हात पसरायचा नाही.

"कार्ड आहे माझ्याजवळ," ती म्हणाली. "मेली का मी?"

तिने शेळी विकली. दर आठवड्याला तीन कोस चालत कुंडमला जायची, बोटांचे ठसे नव्याने घेतात तिथे. ठसे उमटत नव्हते. मग म्हणाले डोळे दाखवा, तर डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाले, आधी ऑपरेशन करा, मग या.

डिसेंबरच्या शेवटी मोनाली रजा टाकून गेली तेव्हा आत्या शेगडीपाशी बसून खोकत होती. गालफडं आत गेली होती. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणाली, "खोकल्याले काय दवाखाना? चहा घे."

मोनालीने चहा घेतला नाही. "आत्या, ते बटन माझ्यामुळे बंद झालं. मी लिहिलं होतं. त्या दिवशी दुकानात पाहिलं ते."

आत्याने शेगडीतला कोळसा सारखा केला. "खोटं लिवलं का?"

"नाही."

"मंग?"

"तुझं नाव बदललं होतं. गाव पण नव्हतं घातलं."

"नाव बदललं होतं म्हणते तू. मंग माझाच गहू कसा सापडला वं त्यायले?"

आत्याने चहाचा कप मोनालीकडे सरकवला.

"खरं लिवलं, चांगलं केलं. शिकलेली हाय तू. फक्त मले विचारलं असतं ना, तर म्या म्हटलं असतं, बाई, हे नको लिवू. आमचं चालून राहिलं."

"ऐक माझं. उद्या बाबांकडे चल. निदान थंडीपुरतं."

"संक्रांतीले येतो. सणाले."

मोनालीने हात धरला, रागावली, शेवटी रडली. आत्या ऐकणारी नव्हती. जाताना तिने पोरीच्या पिशवीत जंगलातले आवळे भरून दिले.

बटन मार्चमध्ये पुन्हा सुरू झालं. नव्या आदेशात समितीच्या शिफारशीचा उल्लेख होता आणि समितीच्या सभासदांत मोनालीचं नाव चौथं होतं. अनुपम सरांनी तिचं अभिनंदन केलं. तिने नोकरी सोडली नाही. बळीराम मात्र आता पोरगी काय करते असं कोणी विचारलं, की पाना खाली ठेवत नाही. "दिल्लीला असते," म्हणतो आणि मोटार खोलत राहतो.

डॉक्टरांनी कारण न्यूमोनिया लिहिलं, आणि ते खरंच होतं. शकुंतला तुळशीराम बावणे, वय एकोणसत्तर, नऊ जानेवारी दोन हजार पंचवीस, गुरुवारी सकाळी, संक्रांतीच्या पाच दिवस आधी, आपल्या राहत्या घरी वारल्या.