गळक्या टाकीतला वास

मित्रांनो, मी एका जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी आहे. वय अठरा वर्षं, रंग लाल, आणि डोक्यात कायमचा गोंधळ. कारण मला दिसतं तरी काय? झाकण उघडलं की आभाळाचा एक गोल तुकडा, नाहीतर पेट्रोल भरणाऱ्याचा अंगठा. बाकी सगळं जग मी आवाजावरून आणि वासावरून ओळखते, आणि पुष्कळदा चुकते.

कारखान्यात दोन पत्रे दाबून, त्यांच्या कडा जोडून मला पोट दिलं. मग चकचकीत रंग. मला तर वाटायचं की मोटरसायकल म्हणजे मीच! मांजरी गावच्या सर्जेराव आबांनी गाडी घेतली, तेव्हा पहिला हात त्यांनी माझ्यावरच ठेवला. दसऱ्याला झेंडूची माळ मलाच. त्यांची नात तेजस्विनी लहान असताना माझ्यावरच बसायची आणि तोंडाने हॉर्न वाजवायची. पण गाडी दिवेघाट चढली की सगळे म्हणायचे, इंजिन काय झकास आहे. आता सांगा, इंजिनाला पाजत कोण होतं? हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

पंधरा-सोळा वर्षं मी मन लावून काम केलं. आबांच्या उसाला पाणी सोडायच्या फेऱ्या, जनावरांचा चारा, तेजूची शाळा. आजूबाजूचे उसाचे फड गेले, तिथे उंच इमारती आल्या. आबांचा एकच तुकडा राहिला. गाडी त्या तुकड्यापुरती उरली आणि मी आठवडा आठवडा अर्धपोटी उभी राहू लागले. कुणी झाकण उघडून पाहीना.

आणि एक दिवस मी गळायला लागले.

मला आधी वाटलं, घाम येतोय. मग खालच्या फरशीवर काळसर डाग पडला आणि घरभर वास सुटला. आबांनी आधी अंगाचा साबण घासून भोक बुजवलं. चार दिवस मी सुगंधी होते, मग पुन्हा थेंब. मग त्यांनी दोन रंगांचे मऊ गोळे एकत्र मळून माझ्या बुडाला चिकटवले. तेही सुटून पडले. मी इतकी वर्षं आबांचं पेट्रोल सांभाळलं, आणि आता मीच ते सांडत होते. का, ते मला कळेना.

शेवटी गाडी भैरूच्या दुकानात गेली. भैरू हडपसरला रेडिएटर दुरुस्त करतो, टाक्यांना डाग देतो, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवतो. त्याने मला टिचकी मारली आणि सांगितलं की आतून गंज धरलाय. पेट्रोलात हल्ली उसाचं इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, त्यानेही खाल्लं असेल.

झालं! आबांना ते लागलं.

"म्हणजे आमच्या उसानं खाल्ली म्हण की," ते म्हणाले.

"मी कशाला उसाला नावं ठेवू? टाकी काढून स्वच्छ धुवून आणा, आबा. नाहीतर टाकी राहील आणि मी जाईन."

आबांना हा दुसरा अपमान वाटला. तरुणपणी त्यांनी गावातल्या दुधाच्या किती किटल्यांना डाग दिले होते! वाटेत ते सारखं पुटपुटत होते, किटली काय आणि टाकी काय, पत्रा तो पत्राच, मीच देतो डाग. कोण खरं बोलत होतं? मी पत्रा होते हे खरं. पण भैरू कुठे जाणार होता?

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी मला गाडीवरून काढलं. पेट्रोल ओतून घेतलं आणि झाकण उघडून तासभर उन्हात ठेवलं. मग ओट्यावर त्यांचा जुना रॉकेलचा दिवा ठेवला, ज्याच्या तोंडातून निळी ज्योत फर्र करून सुटते. ते पंप मारू लागले. तेवढ्यात शाळेतून तेजू आली. तिने माझ्या तोंडाशी नाक नेलं आणि एकदम मागे झाली.

"आबा, दिवा पेटवू नका. आत अजून पेट्रोलची वाफ आहे."

"उलटी करून बघ. थेंब नाय."

"थेंब नसला तरी वास येतोय ना? तो वासच पेटतो."

"वास कुठं पेटतो व्हय? दहावीला गेली म्हणून आज्याला शिकवती का?"

तेजूने खूप सांगून पाहिलं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, आत वाफ आणि हवा मिसळलेली असते, ज्योत लागली की पत्राच फुटेल आणि तोंडावर येईल. आबांनी पंप मारणं थांबवलं नाही. फर्र करून ज्योत सुटली. मित्रांनो, मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, मी रिकामी आहे की भरलेली.

मग तेजूने वाद सोडला. गोठा धुवायचा पाइप ओढून आणून तिने माझ्या तोंडात खुपसला आणि पळत जाऊन नळ पुरा सोडला.

पाणी! माझ्या पोटात पाणी! याच घरात पावसाळ्यात मला पिशवी बांधत होते, एक थेंब आत जाऊ देत नव्हते. पोर वेडी झाली की काय? पाणी चढत गेलं, आतला वास माझ्या तोंडातून बाहेर पडत गेला. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा आबा रागाने ओरडत आले आणि पाइप ओढायला वाकले. दुसऱ्या हातात दिवा तसाच पेटता.

भप्.

निळसर आग माझ्या तोंडावर क्षणभर उभी राहिली आणि विझली. जळक्या केसांचा वास आला. मग तेजूने जाऊन नळ बंद केला.

आबा ओट्यावर बसले. त्यांची मिशी एका बाजूने गेली होती.

"हे एवढं आत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. हे उरलेलं होतं." तेजू म्हणाली. "बाकीचं पाण्यानं आधीच बाहेर काढलं."

त्यानंतर आबांनी मला साबणाच्या पाण्याने किती वेळा खळखळवलं, मी मोजलं नाही. दिवा कुठे गेला तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मला मांडीवर घेऊन ते तेजूबरोबर बसने हडपसरला गेले. भैरूने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग विचारलं की अर्धी मिशी ठेवायची फॅशन मांजरीत कधी आली. आबा हसले नाहीत.

"तू पुन्हा धू," ते म्हणाले. "आन् भोक वर करून त्याच्या खालपतुर पाणी भरूनच डाग दे. आमची तेजू इथं उभी हाय, ती बघंल."

भैरूने तसंच केलं. आता मी गळत नाही.

मित्रांनो, त्या दुपारी माझ्या पोटात नेमकं काय होतं, ते मला अजूनही समजलेलं नाही. जे दिसत नव्हतं, ते आबांना घेऊन गेलं असतं, एवढंच कळलं. तुमच्या घरची टाकी गळू लागली तर तिला विस्तवापासून लांब न्या आणि जाणत्याच्या हाती द्या. आणि घरातलं धाकटं कुणी "थांबा" म्हणालं, तर आधी हातातला दिवा विझवा. वाद मग निवांत घाला.