दगडावरचा सेवा

काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत चंदाबाईचा जिता पोरगा मेला होता, आणि पोरगा तिच्या शेजारी उभा राहून ते वाचून दाखवत होता.

चौदा बुडणाऱ्यांचे प्राण वाचवताना वीरमरण आलेले कै. सेवा राठोड. सेवानं ओळ दोनदा वाचली. मग हळूच आईला म्हणाला, "याडी, हे तर मीच हाय."

सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यात एक टेकाड आहे. धरण भरलं की त्याचं बेट होतं. दुसरीकडं कुणी बूड टेकू दिलं नाही म्हणून बंजाऱ्यांचा तांडा तिथं राहिला. चाळीस वर्षांमागं, श्रावणात, शिरड शहापूरच्या बाजाराहून निघालेली होडी या बेटासमोर उलटली. काठावरची शहाणी माणसं बघत उभी राहिली. तांड्यानं बैलांचे कासरे एकाला एक बांधले, बायांनी अंगावरच्या ओढण्या जोडल्या, आणि चंदाबाईचा नवरा कमरेला कासरा बांधून पाण्यात शिरला. चौदा माणसं त्यानं काढली. पंधराव्यापर्यंत कासरा पोचेना, म्हणून कमरेची गाठ सोडली. तिसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेला सापडला. सेवा तेव्हा अंगावर पीत होता.

इतकी वर्षं कुणी त्या पाण्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आता बेटावर बोटिंग चालू करायचं होतं, फिरायला येणाऱ्यांना फोटो काढायला काहीतरी पाहिजे होतं, तेव्हा साहेब लोकांना तांड्याचं शौर्य आठवलं.

माघात संतोष नावाचा कारकून माहिती गोळा करायला आला. तांडा ऊसतोडीला गेलेला, मागं राहिली होती म्हातारी माणसं. त्यानं चंदाबाईला मेलेल्याचं नाव विचारलं. तांड्यातली जुनी बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. तो मेला म्हणून काही तोंड मोकळं होत नाही. ती म्हणाली, सेवाचा बाप. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. आत पत्र्याच्या डब्यात तिचं आधार कार्ड होतं, त्यावर नवऱ्याचं नाव होतं. मागितलं असतं तर दिलं असतं. पण कारकून उन्हानं कावला होता आणि परतीची होडी निघून राहिली होती. त्यानं बाप गाळला आणि सेवा लिहून घेतला.

आता अकरा वाजता लोकार्पण. मायलेक संतोषला गाठायला गेले. तो हारांची पिशवी घेऊन पळत होता. त्यानं दगडाकडं पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आजच्या दिवस गप राहा म्हणाला, माझी नोकरी जाईल. मग सेवा धीर करून मोठ्या साहेबापुढं गेला. बापाचं नाव सांगितलं, झालेली चूक सांगितली. साहेबानं चष्मा वर करून दगड वाचला, सेवाकडं पाहिलं.

"या दगडाप्रमाणे तर तूच गेलास की रे. मग तक्रार कोण करतंय?"

खुर्च्यांतले सगळे हसले. तांड्याचा नाईक फुलसिंगही हसला. दगडावर खाली प्रमुख उपस्थितांत त्याचं नाव होतं.

साहेबानं अर्ज द्या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बघू.

चंदाबाई पुढं झाली. ओढणी कपाळावर ओढली आणि म्हणाली, "साहेब, लेकरू जितं हाय माझं. त्याच्या नावाला हार घालू नका."

"आजी, माणसं ताटकळलीत," साहेब म्हणाला आणि त्यानं हार घातला. टाळ्या झाल्या. बँड वाजला. सेवा मान खाली घालून म्हणाला, जाऊ दे याडी, घरी चाल.

ती घरी गेली. जात्याला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी घेऊन आली. लोक जेवायच्या रांगेत होते. तिनं हार काढून बाजूला ठेवला. चौदा माणसांच्या ओळीला धक्का लावला नाही, पाहुण्यांच्या नावांना लावला नाही. फक्त तिच्या पोराच्या नावावर टाकी मारत राहिली. दगड कडक होता, बाई म्हातारी होती, पण पाच-सहा अक्षरं जायला किती वेळ लागतो? शिपायानं हात धरला तेव्हा 'कै.' सुद्धा उरलं नव्हतं.

ऐतिहासिक स्मारकाची नासधूस. गुन्हा दाखल करा म्हणून साहेबानं जेवता जेवता फोन केला.

ठाण्यात हवालदारानं कागद पुढं ओढला. नाव विचारलं, तिनं सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं. सवयीनं सेवानं तोंड उघडलं. चंदाबाईनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. ते नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं.

"पेमा," ती म्हणाली. "पेमा हिरासिंग राठोड. लिव्ह बराबर. आन् वाचून दाखव."

हवालदारानं वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला.

दगड अजून बेटावर आहे. सेवाचं नाव होतं तिथं सिमेंट थापलंय, दुसरं काही कोरलेलं नाही. बोटीनं आलेली माणसं त्याला टेकून फोटो काढतात. चंदाबाई तारखेला कोर्टात जाते. पुकारा करणारा दर वेळी पेमाचं नाव घेतो, आरोपीचा नवरा म्हणून.